घरधन्यालाच रजा

क्रस्मानच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली होती, अंगठा आणि करंगळी. मधली तीन सेंटरिंगच्या फळ्या कापताना गोल करवतीने नेली, तेव्हा तो पस्तिशीचा होता. जुन्या मालकाने त्याला घरी बसवलं नाही. ऑफिसात एक खुर्ची दिली आणि कंपनीतल्या सगळ्या माणसांच्या रजा सांभाळायला सांगितल्या. "हातोडा धरता येत नसला तरी 'नाही' म्हणायला तोंड शाबूत आहे ना?" असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. कामगार हसले, क्रस्मानही हसला. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली.

खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत तो 'नाही' फारसं म्हणालाच नाही. चाचाकसारख्या गावात बांधकामावरच्या माणसांच्या रजा सांभाळायच्या म्हणजे बेडकांची पाचशेरी. प्रत्येकाचं एक पाऊल विटांवर आणि दुसरं गावाकडच्या वावरात. जूनमध्ये रास्पबेरी पिकली की निम्म्या कंपनीची कंबर धरायची. सप्टेंबरात प्लम गळायला लागले की उरलेल्यांचे गुडघे. नोव्हेंबरात डुक्कर कापायचं असतं. त्याला कुठल्याच कायद्यात रजा नाही, आणि डुक्कर काही रविवारची वाट बघत नाही. क्रस्मान हे सगळं जमवून आणायचा. याला पुढे ढकल, त्याला मागे ओढ, "स्लॅब भरून झाला की जा, पण झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस" असा दम भर. एका वेल्डरची आजी चार वर्षांत तीनदा वारली, तेव्हा क्रस्मानने चष्मा वर करून त्याला म्हटलं, "या खेपेला तरी नीट पुरा रे तिला." आणि दोन दिवस दिले.

एक दिवस मात्र असा होता, की ज्यासाठी कुणाला खोटं बोलावं लागत नसे. तो स्लावाचा. प्रत्येक घराचा आपला एक संत असतो, तो बापाकडून मुलाकडे येतो. त्याच्या दिवशी घरात मेणबत्ती लावायची, गोड गहू शिजवायचा, पाद्री येऊन घरधन्याबरोबर स्लावाचा गोल पाव कापतो, आणि दार दिवसभर उघडं. बोलावणं कुणालाच करायचं नसतं. येणारा आपणहून येतो, म्हणून तर त्याच्या येण्याला किंमत. कायद्यानेही त्या दिवसाची रजा ज्याची त्याला आहे. कंपनीतल्या बहात्तर जणांचे संत क्रस्मानला पाठ होते. अर्ज लिहायची वेळच येत नसे. आदल्या आठवड्यात तोच साइटवर जाऊन सांगायचा, "तुझा गुरुवारी आहे. बुधवारी प्लास्टर संपव."

त्याचा स्वतःचा संत योहान, वीस जानेवारीचा. त्या दिवशी दोनची सुट्टी झाली की तीस-चाळीस माणसं त्याच्या पाचव्या मजल्यावर चढायची. लिफ्ट बंद पडायची, जिन्यात बुटांचा ढीग लागायचा. बायको स्तामेंका दोन दिवस आधीपासून आंबवलेल्या कोबीच्या पानांत खिमा गुंडाळत बसायची, दीडशे नग, आणि तरी कमी पडायचे. सगळ्यात आधी यायचा राडिसाव. तो जुना सेंटरिंगवाला. करवतीने बोटं नेली त्या दिवशी यानेच क्रस्मानचा हात आपल्या शर्टात गुंडाळून त्याला हॉस्पिटलात नेलं होतं, आणि पुढे क्रस्मानच्या मुलाला चर्चमध्ये नाव दिलं ते यानेच. नाव देणारा तो कूम. आमच्याकडे एक वेळ सख्खा भाऊ तुटतो, कूम तुटत नाही, आणि हे नातं संत योहानाच्या साक्षीनं बांधलेलं असतं.

तो मुलगा, ओग्न्येन, नोवी सादला एका मोठ्या बांधकाम कंपनीत क्रेन चालवायचा. सहा वर्षं तो स्लावाला घरी आला नव्हता. "बाबा, गहू खाऊन कुणाचं भलं झालंय?" म्हणायचा. मग या शरद ऋतूत त्याला मुलगा झाला, आणि एका रविवारी फोनवर तो एकदम म्हणाला, "बाबा, या जानेवारीत पाव मी घेऊन जातो." म्हणजे घरची स्लावा मला दे, यापुढे मेणबत्ती माझ्या घरी लागेल. बापाने आणि मुलाने दोन्ही बाजूंनी पाव धरायचा, मोडायचा, आणि मुलाने आपला तुकडा घरी न्यायचा, एवढाच तो विधी. बोटं गेली तेव्हा क्रस्मान रडला नव्हता. त्या रविवारी तो बाल्कनीत जाऊन बराच वेळ उभा राहिला, आणि स्तामेंकाने मुद्दामच त्याला हाक मारली नाही.

त्याच हिवाळ्यात जुन्या मालकाचा मुलगा स्त्राहिन्या डायरेक्टर झाला. बत्तीस वर्षांचा, गोड बोलणारा, साइटवर पांढरे बूट घालून यायचा. शाळेचा खेळाचा हॉल एकतीस डिसेंबरच्या आत बांधून द्यायचा होता, नाहीतर दंड होता. डिसेंबर लागताच त्याने क्रस्मानला बोलावलं.

"क्रस्मानकाका, एकोणीस तारखेसमोर हे एकोणतीस काय लिहिलंय?"

"स्लावा आहे, साहेब. संत निकोला."

"बहात्तरांपैकी एकोणतीस माणसं एकाच संताची?"

"पुष्कळ घरं आहेत त्यांची."

"मग हॉलची फरशी संत निकोलालाच बसवायला सांगू का?" स्त्राहिन्या हसला. मग हसू आवरून म्हणाला, "बेलग्रेडचा एक जण रजांचा प्रोग्रॅम विकतोय. सगळं कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटरला संत नसतो, कूम नसतो. तुमच्या पेन्शनला किती राहिली, दोन वर्षं ना? बघा काहीतरी काका, तुम्ही जुने आहात."

कायद्यात लिहिलंय साहेब, एवढं म्हणायला तोंड शाबूत होतं. क्रस्मान म्हणाला नाही. त्रेसष्टीच्या, दोन बोटांच्या माणसाला दुसरं कोण खुर्ची देणार, हे खरंच. भीती कुणालाही वाटते. पण नुसती भीती असती तर मी त्याला माफ केलं असतं. त्याला बरंही वाटलं होतं. अठ्ठावीस वर्षांत साहेबाने पहिल्यांदा त्याला काहीतरी 'बघायला' सांगितलं होतं. कोल्हा काकडीला राजी, तसा तो दिवसभर त्या एका शब्दावर खूश होता. संध्याकाळपर्यंत त्याने तोडगा काढला, आणि तो असा तोडगा होता की आमच्यातल्याच माणसाला सुचावा. परक्याला तो सुचलाच नसता.

स्लावा घराची असते, माणसाची नव्हे. घरात बाप आणि तीन मुलगे असले तरी मेणबत्ती एकच लागते, ती घरधनी लावतो. मग रजा चौघांना का? दुसऱ्या दिवशी फाटकावर कागद लागला: स्लावाची रजा फक्त घरधन्यास मिळेल. ज्यांचे वडील हयात आहेत व ज्यांना स्लावा सुपूर्द झालेली नाही, ते त्या दिवशी पाहुणे समजले जातील. पाहुण्यांना रजा नाही.

एकोणतिसाचे अकरा झाले. कोर्टात कुणी जाणार नव्हतं. निम्म्या माणसांचे करार तीन-तीन महिन्यांचे, आणि मार्चमध्ये सही स्त्राहिन्याचीच व्हायची होती.

"काका, तुम्ही कमाल केलीत," स्त्राहिन्या म्हणाला आणि आपल्या मशीनची कॉफी त्याने स्वतःच्या हाताने क्रस्मानसमोर ठेवली. "परवा बांधकामवाल्यांच्या जेवणात मी सांगितलं तर लोक बघत राहिले. दोन-तीन बड्या कंपन्यांनी तिथल्या तिथे उतरवून घेतलं. 'चाचाकचा नियम' म्हणतात त्याला आता."

हे क्रस्मानने घरी येऊन स्तामेंकाला सांगितलं, दोनदा सांगितलं. ती बटाटे सोलत होती. "आणि राडिसावचा प्रेद्राग?" तिने विचारलं.

"त्याचं काय?"

"या निकोलाला राडिसाव त्याला पाव देणार होता ना? उन्हाळ्यापासून सांगतोय बिचारा."

दुसऱ्या दिवशी राडिसाव टोपी हातात धरून ऑफिसात आला. इतक्या वर्षांत तो त्या खोलीत टोपी काढून कधी आला नव्हता. तो आणि त्याचा मुलगा प्रेद्राग, दोघंही याच कंपनीत. प्रेद्राग फरशी बसवायचा.

"कूम, मला आहे आणि पोराला नाही, असं ऐकलं."

"घरधनी तू आहेस."

"म्हणून तर. यंदा तो होणार आहे. मी सदुसष्टचा झालो, मार्चमध्ये घरी बसतोय. पाव द्यायचा आहे त्याला."

"मग दे की. एकदा दिलास की पुढल्या वर्षी रजा त्याची."

"अरे पण तो तिथे नसला तर देऊ कुणाला? पाव दोघांनी धरायचा असतो. समोरून गाय धरणार आहे का?"

बाहेरच्या खोलीतली टायपिस्ट फिसकन हसली. क्रस्मानला ते हसणं झोंबलं. नियम त्याचा होता, आणि पहिलंच भोक त्याच्या घरच्या माणसाने पाडलं तर स्त्राहिन्या काय म्हणेल, हे त्याच्या डोक्यात होतं.

"संध्याकाळी जाईल की तो," क्रस्मान म्हणाला. "तीनची बस आहे ना."

"पाद्री अकराला येतो. त्याला पुढची तीस घरं असतात."

"मग पाव झाकून ठेव."

राडिसावने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग टोपी डोक्यावर घातली. "आपण दोघं सुतार," तो म्हणाला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायला नको. पण एवढी वर्षं मी उगीचच त्या करवतीला शिव्या देत होतो. तिने भलतंच कापलं रे. जीभ न्यायला हवी होती."

एकोणीस तारखेला बर्फ पडला. प्रेद्रागने दोनपर्यंत हॉलमध्ये फरशी बसवली. बस वाटेतल्या गुचाच्या पुढे चढेना. तिथून वर आपल्या गावापर्यंत तो चालत गेला. पोचला तेव्हा पाद्री केव्हाच येऊन गेला होता, आणि पाव राडिसावने पाद्रीबरोबर एकट्यानेच मोडला होता. पोरासमोर त्याने माशाची थाळी ठेवली आणि म्हणाला, "ये पाहुण्या, बस." ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सगळ्या साइटवर पसरली.

हॉल वेळेत झाला. स्त्राहिन्याने फीत कापताना फोटो काढून घेतले. आणि कामगार क्रस्मानला नव्या नावाने हाक मारायला लागले. "नमस्कार, घरधनी!" एवढंच, अगदी अदबीने, टोपीला हात लावून. भांडण नाही, शिवी नाही. क्रस्मान आधी हसून मान हलवायचा, मग नुसती मान हलवायचा, मग जेवणाच्या सुट्टीत बाहेर जायचाच बंद झाला. कुणी रजेबद्दल विचारायलाही येईना. अर्ज लिहून टायपिस्टकडे ठेवून जायचे. तो स्वतःशी म्हणायचा, वीस जानेवारीला बघू, दारू आणि पाव पोटात गेला की माणसं विसरतात.

पंधरा जानेवारीला ओग्न्येनचा फोन आला. क्रस्मानने मोठ्या उत्साहाने विचारलं, "किती जण येताय? बाळाला गरम कपडे घाला, इथे उणे आठ आहे."

"बाबा, रजा नाही मिळाली."

"म्हणजे काय?"

"सोमवार आहे ना. म्हणतात, स्लावाची रजा फक्त घरधन्याला. तुझा बाप जिवंत आहे, तू पाहुणा. मी म्हटलं, अहो, मी घरधनी व्हायलाच चाललोय. तर तो ऑफिसातला माणूस म्हणतो, आधी होऊन ये, मग रजा माग." ओग्न्येन हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "होऊन यायला रजा नको का, गाढवा! डोकं फिरायची पाळी आली बाबा."

क्रस्मान खुर्चीवर बसला.

"वार्षिक रजेतला एक दिवस घे."

"जानेवारीत बंद आहे ती. मोठ्या पुलाचं काम चाललंय, क्रेन एक दिवस उभी राहून चालत नाही म्हणतात."

"मग..." क्रस्मानने आवाज खाली आणला. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांची थापेबाजी चष्म्यावरून बघून पकडली, तो आता कुजबुजत म्हणाला, "मग सांग, आजी वारली."

"बाबा! आजीला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा मी इथेच होतो, पाच दिवस घेतले होते. नोंद आहे त्यांच्याकडे."

"दुसरी आजी."

"तीही आहे त्यांच्याकडे." मग ओग्न्येन उसळला. "कुठल्या हरामखोराला सुचला असेल हा नियम? तो माणूस म्हणत होता, चाचाकचा नियम आहे. तुमच्याच गावातला कुणीतरी. तू तर सगळ्या कंपन्यांतली माणसं ओळखतोस. कोण रे तो?"

स्तामेंका दारात उभी होती. तिच्या हातात कोबीची पानं होती.

"मी नाही ओळखत त्याला," क्रस्मान म्हणाला.

फोन ठेवल्यावर स्तामेंकाने कोबीची पानं खाली ठेवली. मग म्हणाली, "त्याला सांग. पोराला तुझ्याकडूनच कळू दे. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर तो जन्मात येणार नाही." त्याने सांगितलं नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेतलेला माणूस आपला हात आपल्याच पोराला कसा दाखवणार? पुढच्या वर्षी येईल, एवढं तो म्हणाला. पण पुढच्या वर्षीही तो पाहुणाच असणार होता, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही, जोवर बाप जिवंत आहे तोवर. हे क्रस्मानला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कागद त्यानेच लिहिला होता.

वीस तारखेला पाद्री दहाला आला. पाव त्याने आणि क्रस्मानने धरला. "मुलगा येणार होता ना?" पाद्रीने विचारलं. "कामात आहे," क्रस्मान म्हणाला. पावाचा चौथा हिस्सा स्तामेंकाने स्वच्छ रुमालात झाकून मेणबत्तीशेजारी ठेवला.

एक वाजता स्त्राहिन्या आला, उंची बाटली घेऊन. त्याने कोबीच्या सहा गुंडाळ्या खाल्ल्या, स्तामेंकाच्या हाताची स्तुती केली, आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाला, "छान शांत स्लावा आहे काका तुमची. आमच्याकडे नुसता गोंधळ असतो." जाताना त्याने दारात सांगितलं, की घरातल्या मृत्यूच्या रजेचंही आता काहीतरी बघायला हवं.

दोन वाजले. सुट्टीचा भोंगा तिथपर्यंत ऐकू येतो. क्रस्मान कोट घालून दाराशी बसला. लिफ्ट वर आली की तो उठायचा. ती तिसऱ्यावर थांबायची, नाहीतर सातव्यावर जायची. बहात्तर जणांचे फोन नंबर त्याला पाठ होते. एकालाही फोन करता येत नव्हता, कारण स्लावाला बोलवत नाहीत. तीन वाजले, चार वाजले. स्तामेंकाने एकदा पातेलं गरम केलं, मग गॅस बंद केला. "एवढ्याचं मी करू काय?" ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. क्रस्मानने तिचं रडणं ऐकलं आणि तो जागचा हलला नाही. त्याला लाज वाटत होती, आणि ती पहिल्यांदाच वाटत होती, हे मी त्याच्या वतीने सांगतो.

साडेचारला, दिवस मावळताना, जिन्यात बूट वाजले. लिफ्टने नव्हे, पायी कुणीतरी चढत होतं. राडिसाव होता. त्याने टोपी काढली, संताच्या तसबिरीसमोर क्रूसाची खूण केली, वाटीतला चमचाभर गोड गहू उभ्यानेच खाल्ला.

"बस ना, कूम," क्रस्मान म्हणाला. "बस. घोटभर राकिया ओततो."

"नको. मी संतासाठी आलोय. आपलं नातं त्याच्या नावाने बांधलंय, ते तोडायचा अधिकार मला नाही. तुझ्यासाठी म्हणशील तर मी आलेलो नाही."

त्याने वापरलेला चमचा पाण्याच्या ग्लासात ठेवला. तेवढ्यात त्याची नजर मेणबत्तीशेजारच्या रुमालावर गेली. तो काय आहे, हे त्याने विचारलं नाही. ज्याचं नाव त्याने स्वतः ठेवलं होतं, त्या पोराचं विचारलं.

"ओग्न्येन कुठाय?"

क्रस्मानने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे स्तामेंका उभी होती.

"त्याला रजा मिळाली नाही," क्रस्मान म्हणाला.

राडिसाव टोपी डोक्यावर घालून वळला.

"संध्याकाळी येईल की," तो दारातून म्हणाला. "पाव झाकून ठेव."